आक्काबाईंचा मोठा पडदा

रमाकांत : अगं मंजुषा, हा जुना राउटर मी भंगारात द्यायला काढला होता. वायफाय तर खाली माझ्या घरातल्या नव्या राउटरचं आहे. हा इथं वर ठेवून काय होणार?

मंजुषा : हा वायफाय देणार नाही सर, घेणार. नव्याचं वायफाय हवेतून पकडायचं आणि या वायरीतून कॉम्प्युटरला द्यायचं. तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरला वायफाय कळतच नाही ना, नुसती वायरीची खाच आहे.

रमाकांत : तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे मला ठाऊक नव्हतं. तुला कुणी शिकवलं?

मंजुषा : कुणी नाही. आमच्या पॅकिंग खात्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर असाच जोडला. इंजिनीयर जोडत होता, मी लेबलं चिकटवता चिकटवता बघत होते.

आक्काबाई : काय बोलू राहिले दोघं? माझ्याकडं तोंड करून बोला.

मंजुषा : (समोर बसून, सावकाश) आई, तुमचा लेक दिसणार आज. मोठा!

आक्काबाई : मोबाईलमध्ये नखाएवढा दिसतो माय. सर, बावीस वर्षं सुताच्या कंपनीत काढली मी. त्या मशीनींच्या आवाजात आम्ही बाया ओठांवरूनच बोलायचो. कान गेले, ते राहिलं. पण नखाएवढ्या तोंडावरचं काय वाचू?

रमाकांत : आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून तुम्हाला जिना उतरवत नाही. मंजुषा, वेळ किती आहे?

मंजुषा : त्यांची जेवणाची सुट्टी, वीस मिनिटं. उद्या मस्कतहून वाळवंटातल्या साइटवर पाठवताहेत. दोन महिने नेटवर्क नाही.

रमाकांत : मग पडद्यावरचं हे चाक नुसतंच का फिरतंय?

मंजुषा : थांबा... वायफाय तर पकडलंय. अरे देवा, दोन्ही राउटरचा पत्ता एकच आहे! एका नंबराची दोन घरं, टपाल जाणार कुठं? जुन्याचा नंबर बदलते.

रमाकांत : बदलता येतो?

मंजुषा : हा बघा, बदलला. आता बंद करून पुन्हा चालू.

रमाकांत : पान उघडलं! मंजुषा, उघडलं गं! माझ्या वर्गात तू असतीस तर मीच तुझ्या बाकावर येऊन बसलो असतो.

मंजुषा : पुरे हो सर. लागला फोन... आई, बघा!

आक्काबाई : संजू! किती वाळला रे तू!

रमाकांत : तो बोलतोय, पण आवाज कुठाय?

मंजुषा : अगंबाई, स्पीकरच नाही आपल्याकडं! मोबाईलची कानात घालायची वायर लावून बघते, कुठं ठेवली...

आक्काबाई : मंजू, आडवी येऊ नको, सरक. काय शोधू राहिली? मला सगळं ऐकू येऊ राहिलं.