डाव्या पायाचा आकडा

वहिनी : लाव रे बारक्या, तुला हवं ते लाव. मला सगळं सारखंच.

बारक्या : सारखं कसं? सायकलची नवीकोरी फ्रेम आहे, वहिनी, तुझ्या मापाची. मी गेले तीन दिवस तिच्याभोवती घिरट्या घालतोय आणि तू आल्यापासून त्या स्टुलावर बसून जांभया देतेस. मागच्या चाकावरच्या गिअरच्या कॅसेटचं तरी सांग. मोठं चक्र तीस दात्यांचं की चौतीस?

वहिनी : चढाला कुठलं बरं?

बारक्या : चौतीस. पाय हलका फिरतो.

वहिनी : मग चौतीस. चढालाच तर सगळ्या मला सोडून पुढे जातात.

बारक्या : गिअर? वायरचे की बिनवायरचे?

वहिनी : तुझा दादा काय म्हणाला?

बारक्या : दादा म्हणाला, वहिनीला विचार.

वहिनी : आणि मी म्हणते, दादाला विचार. बस आता मध्ये लोंबकळत.

बारक्या : लग्न तुमचं झालं, लोंबकळतोय मी. बरं, बिनवायरचे लावतो. चार्ज करायचे मात्र लक्षात ठेव, नाहीतर भर शर्यतीत एकाच गिअरवर बसशील.

वहिनी : मी तशीही एकाच गिअरवर आहे. चल, आटप. जुन्या सायकलचा पॉवर मीटर काढ आणि हिच्यावर चढव. उद्या सायकलिंग संघाला फॉर्म जायचाय. त्याआधी तुझ्या दादाला नव्या सायकलवर एकदा आकडा घेऊन बघायचाय.

बारक्या : जुना नको.

वहिनी : का?

बारक्या : नव्या क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांडीची, लांबी वेगळी आहे. जुन्यावरचा मीटर इथे बसायचा नाही.

वहिनी : मग जुनी क्रँकच लाव.

बारक्या : रंग जुळत नाही.

वहिनी : रंग? तुझ्या स्वतःच्या सायकलला तीन रंगांचे टायर आहेत, बारक्या.

बारक्या : दोन रंगांचे. ऐक ना माझं, हे पेडल घे. मीटर पेडलांतच आहे, डाव्यातही आणि उजव्यातही. तुझ्यासाठी मुद्दाम आणून ठेवलेत.

वहिनी : पण जुन्याला झालंय काय? वीस मिनिटं पायांनी जोर लावला की दोनशे छप्पन्न वॅट दाखवतो. संघाला दोनशे पन्नास हवेत. त्याच आकड्यावर ते मला घेतायत. घरात दुसरा विषय नाही. आणि तू म्हणतोस, तोच मीटर काढून टाक? इकडे बघ. मघापासून तू त्या एका नटाला दहा वेळा पुसलंयस.

बारक्या : गंजतो तो.

वहिनी : बारक्या.

बारक्या : जुन्या सायकलवर बसतेस का पाच मिनिटं? ट्रेनरच्या स्टँडवर चढवलीच आहे, जागच्या जागी फिरव. हे पेडल तिला लावून ठेवलेत.

वहिनी : काल नव्वद किलोमीटर झालेत माझे. पायांत काही शिल्लक नाही.

बारक्या : जोर नको लावूस. जुन्या स्क्रीनवर दोनशे आले की तेवढेच धरून ठेव. दुसरी स्क्रीन पेडलांची आहे.

वहिनी : तुझ्या हौसेपायी मी एक दिवस याच खोगिरावर मरणार.

(ती बसते. ट्रेनरचा घुं घुं आवाज बराच वेळ चालतो.)

वहिनी : घे. दोनशे.

बारक्या : तसंच राहू दे. आता दुसरीकडे काय दिसतंय, वाच.

वहिनी : एकशे एकोणऐंशी. तुझे पेडल बिघडलेत.

बारक्या : खाली बारीक अक्षरात बघ. डावा, उजवा.

वहिनी : डावा शंभर. उजवा... एकोणऐंशी.

बारक्या : अजून एक मिनिट कर.

वहिनी : डावा एकशे एक. उजवा अठ्ठ्याहत्तर. हे काय आहे, बारक्या?

बारक्या : उतर खाली. पाणी पी आधी.

वहिनी : पाण्याचं नंतर बघू. जुन्यावर दोनशे आणि यावर एकशे एकोणऐंशी. पाय तर माझेच ना?

बारक्या : जुना फक्त डावा पाय मोजतो. डाव्याचा आकडा दुप्पट करतो आणि दाखवतो. उजवा तो बघतच नाही.

वहिनी : काहीतरी बोलू नकोस. माझा मीटर दोन्ही पाय मोजतो. आपण तिघांनी मिळून घेतला होता तो.

बारक्या : तो तू पडलीस तेव्हाच मेला. क्रँकचा पार चुरा झाला होता. तुझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलेलं, दादा दवाखान्यात तुझ्या उशाशी, आणि जाताना मला सांगून गेला, सायकल तेवढी उभी करून ठेव, तिला ती दिसली की बरं वाटेल. मीटरचा भाग यायला वेळ होता. दुकानात हा डाव्या क्रँकचा पडून होता. म्हटलं, दोन आठवड्यांपुरता लावू.

वहिनी : सोळा महिने झाले.

बारक्या : मोजतोय मी.

वहिनी : भाग आलाच नाही?

बारक्या : आला. चार महिन्यांनी. तोवर तू सायकलवर बसायला लागली होतीस. दुसऱ्याच आठवड्यात तुझा जुना आकडा आला. आठवतं? दादा इथे, या दोन टेबलांच्या मध्ये नाचला होता. पाय पहिल्यासारखा झाला, पहिल्यासारखा झाला, म्हणून. त्याला तसं नाचताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मग जीभच उचलेना.

वहिनी : आणि नंतर? मी शर्यतींत मागे पडायला लागले तेव्हा?

बारक्या : तेव्हा तर अजिबातच नाही. आज सांगू, उद्या सांगू. एकदा सांगायचं राहून गेलं, वहिनी, की मग कुठल्या तोंडाने सांगायचं?

वहिनी : याच तोंडाने. एवढी बडबड करतं ते. तुझ्या दादाने मला काय काय ऐकवलंय, ते तुला माहीत होतं. याच दुकानात ऐकवलंय. आकडा एवढा आहे आणि मागे कशी पडतेस? पाय चालतायत, मन चालत नाही. अंग चोरतेस तू. तू तिथे उभा होतास, हातात चेन घेऊन.

बारक्या : होतो.

वहिनी : त्या समुपदेशक बाईंकडे सहा वेळा जाऊन आले मी. डोळे मिटा आणि स्वतःला चढ चढताना बघा, म्हणायच्या. डोळे मिटले की मला झोप लागायची. त्यांनी लिहून दिलं, इच्छाशक्ती कमी. तो कागद घरी फ्रिजवर लावलाय. रोज दूध काढताना वाचते मी.

बारक्या : मार मला. तो मोठा पाना आहे बघ तिथे.

वहिनी : तो उचलायचंही त्राण नाही. मला एवढंच सांग, दोनशे छप्पन्नचे खरे किती?

बारक्या : दोनशे एकोणतीस. फार तर तीस.

वहिनी : दोनशे एकोणतीस.

बारक्या : दादा आला. त्याचीच गाडी.

दादा : झाली का सायकल? वा, चौतीस लावलंस, छान. बारक्या, मीटर चढवला? अगं, तू अशी घामाघूम का? आज पाय मोकळे ठेवायला सांगितलं होतं ना. संध्याकाळी वीस मिनिटांची टेस्ट आहे. फॉर्म मी भरून ठेवलाय, फक्त सही हवी.

वहिनी : काय लिहिलंस?

दादा : दोनशे छप्पन्न. आणखी काय लिहिणार?

वहिनी : खोड ते. दोनशे एकोणतीस लिही.

दादा : काहीतरीच काय?

बारक्या : दादा, चूक माझी आहे. सोळा महिने तिच्या सायकलवर एकाच पायाचा मीटर आहे. डाव्या. तो दुप्पट करून दाखवतो. मी बदलला आणि सांगितलं नाही. उजवा पाय अजून भरलेला नाही तिचा. हे बघ, आत्ताचे आकडे.

दादा : थांब, थांब. शंभर आणि एकोणऐंशी? हे बरोबर आहे?

बारक्या : तीनदा तपासलंय. काल मी स्वतः बसून पाहिलं. माझे दोन्ही सारखे येतात.

दादा : अरे, पण दोनशे पन्नासच्या खाली ते अर्जसुद्धा बघत नाहीत! वर्षभर मी त्यांच्या मागे लागलोय. माणसांना भेटलो, फोन केले. काय करून ठेवलंस तू? तुला अक्कल...

वहिनी : त्याच्यावर नंतर ओरड. तो कुठे जात नाही, आपल्याच घरात जेवतो.

दादा : अगं, पण संघ गेला हातातून! कळतंय का तुला?

वहिनी : कळतंय. छप्पन्न लिहून गेले असते तर पहिल्याच चढावर त्यांनाही कळलं असतं. आणि मग तिथेही कुणीतरी म्हणालं असतं, अंग चोरते.

दादा : मी तसं...

वहिनी : म्हणालास. मोजलं नाही मी, पण खूप वेळा म्हणालास. आता तो आकडा बघ आणि सांग. एकोणऐंशीच्या पायाने मी त्या बायकांच्या मागे चाळीस-चाळीस किलोमीटर राहिले. अंग चोरत होते?

दादा : नाही.

वहिनी : जरा मोठ्याने सांग. बारक्यालाही ऐकू दे.

दादा : नाही. नव्हतीस चोरत. माझंच चुकलं. मला वाटलं, आकडा खोटं कशाला बोलेल?

बारक्या : आकडा खरंच बोलत होता, दादा. पण एकाच पायाचं.

दादा : तू गप्प बस.

वहिनी : बोलू दे त्याला. बारक्या, हे पेडल नव्या सायकलला लाव. बाकी तुला हवं ते. आणि फॉर्म फाडू नका कुणी. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं तर बघू, नाही विचारलं तरी बघू. आज मला घरी जाऊन झोपायचंय. टेस्ट नाही, काही नाही.

दादा : चल, मी सोडतो. थांब, उठू नकोस, हात दे. अगं... उजवा पाय दुखतो का तुझा?

वहिनी : चढाला दुखतो. जिना उतरताना दुखतो. कुशीवर वळले तरी दुखतो.

दादा : मग एकदा तरी म्हणायचंस ना!

वहिनी : कसं म्हणू? आकडा चांगला यायचा ना. मला वाटायचं, मलाच उगाच दुखतंय.