टाच आणि लगाम

घोडीवर बसता आलं म्हणजे घोडीशी बोलता आलं असं नसतं. आमच्या दिराला हे मला भर लग्नात सांगावं लागलं.

आमची घोडी वरातीत हलगीवर नाचायची. जेऊरच्या लग्नात नवरदेव यायच्या आधी दीर तिला नाचवून दाखवायला बसले. टाच मारून तिला पुढं जा म्हणायचे आणि त्याच दमात लगाम मागं खेचायचे. बिचारी जागच्या जागी गरगरली. लगामाचं लोखंड रुतून तोंडातून रक्त आलं.

"लई आडमुठी हाय," दीर म्हणाले. "अकलूजच्या बाजारात विकतो हिला." आणि चाबूक उगारला.

माझं डोकं फिरलं. "भावजी, खाली उतरा."

उतरले, तशी मी मागनं त्यांची कॉलर धरली आणि पाठीत गुडघा घातला. "चला की फुडं."

"वयनी, सोडा. धरून ठिवल्यावर कसा जाऊ?"

"मग तिनं कसं जायचं? तुमच्या तर तोंडात लोखंड बी न्हाय."

ओढाओढीत कॉलर फाटली. टेरिलिनचा नवा शर्ट होता म्हणून सासूबाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. घोडीच्या तोंडाचं मात्र घरात एकानंही विचारलं नाही.