डावा दांडा आखूड

दादा : जुनी सायकल, रंग उडालेला, आणि किंमत नव्या गिअरवालीपेक्षा जास्त? मावशी, एक शून्य चुकून जास्त पडलंय का बघा.

मावशी : शून्य बरोबर आहे. या दुकानात किमती मीच लिहिते, चष्मा लावून.

बहीण : दादा, किंमत ऐकूनच तुला घेऊन आलेय मी.

दादा : बरं केलंस. नाहीतर गंडली असतीस. आयुष्य गेलं माझं ट्रक चालवण्यात, चाक म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. सरक, उचलून बघू दे. बाप रे! सायकल आहे का कपाट?

मावशी : लोखंड आहे. रस्त्यात खड्डे आहेत तोवर लोखंडच बरं.

दादा : आणि हे बघा. पुढचं चाक लहरतंय.

मावशी : लहरतंय. दोन तारा आवळायच्यात, नेण्याआधी आवळून देईन. आणखी?

दादा : ब्रेकचे रबर... नवे आहेत. चेनही नवी. हं. आणि हे काय? डाव्या पायडलचा दांडा अर्धाच? तुटकी सायकल विकता?

मावशी : तुटका नाही. कापून आखूड केलाय.

दादा : कापलात, आणि वर त्याचेच पैसे?

बहीण : माझ्यासाठी कापलाय, दादा.

दादा : तुझ्यासाठी?

बहीण : साध्या सायकलीवर डावा पाय वर आला की माझा गुडघा अडकतो. हा दांडा आखूड, म्हणून पाय लहानसा गोल फिरतो. एवढाच वाकवावा लागतो. बघ. एवढाच.

दादा : लहानपणी ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?

बहीण : जपा म्हणाले होते. बसवून ठेवा नव्हते म्हणाले.

मावशी : आधीचा दांडा फारच आखूड झाला होता, जोरच लागेना. हा नवा करून घेतला. लेथवाल्याकडे खेटे घालून चपला झिजल्या माझ्या. त्या चपलाही किमतीत धरल्यात, लपवत नाही.

दादा : थांबा, थांबा. आधीचा, नंतरचा... म्हणजे ही इथे येत होती? कधी?

बहीण : रविवारी.

दादा : रविवारी तू मैत्रिणीकडे जायचीस. मीच तर कोपऱ्यावर सोडायचो तुला!

बहीण : कोपऱ्यावरून इथवर चालत यायचे.

दादा : पडलीस?

बहीण : पुष्कळदा.

दादा : आणि मागून धरत कोण होतं?

मावशी : आधी मी. मग माझीच कंबर धरली, म्हणून सोडून दिलं. तेव्हा कुठे ही चालवायला लागली.

दादा : मला सांगायचं नाही? मी धरलं असतं.

बहीण : तेच ना. तू सोडलंच नसतंस. गल्लीभर धरून धावत राहिला असतास.

दादा : बरं. ते राहू दे. व्यवहाराचं बोलू. उद्या ही विकायची म्हटली तर कोण घेईल? द्या, मीच बसून बघतो.

मावशी : बसा. पण अंगणाबाहेर जाऊ नका.

बहीण : दादा, डाव्या पायाला जोर नको... अरे, भिंत! भिंत!

मावशी : लागलं का?

दादा : नाही. काय विचित्र चालते ही! धड सरळ जात नाही.

मावशी : दोन्ही पाय सारखे असले की ती लंगडते.

दादा : चोराने पळवली तरी चौकापर्यंत पोचायचा नाही.

मावशी : चला, कुलपाचे पैसे वाचले.

दादा : हसू नका. मुद्दा तोच आहे माझा. ही सायकल हिच्याशिवाय कुणाच्याच कामाची नाही. म्हणजे तुम्हालाही दुसरं गिऱ्हाईक मिळणार नाही. मग निम्म्यावर या.

मावशी : हुशार आहात. खरंच, हिने नाही घेतली तर माझ्याकडे ते भंगार. पण मी नाही दिली तर हिचं काय?

दादा : हिचं काय व्हायचंय? मी आहे. स्कूटर आहे.

बहीण : दादा, पुलापलीकडच्या चष्म्याच्या कारखान्यातून मला बोलावलंय. काचा तपासणाऱ्या टेबलाची प्रमुख म्हणून.

दादा : अरे वा! आणि हे असं दुकानात सांगतेस? कधी बोलावलं?

बहीण : सोमवारपासून. पण हे पहिल्यांदा नाही. याआधी दोनदा बोलावलं होतं.

दादा : मग?

बहीण : नाही म्हटलं. पाळी पहाटेची. त्या वेळी तुझा ट्रक भरायला लागलेला असतो. पुलावर बस जात नाही, आणि एवढं अंतर चालायचं म्हटलं तर संध्याकाळी पाय सुजून भोपळा.

दादा : मला सांगितलं असतंस तर मी पाळी बदलून घेतली असती.

बहीण : माहितेय. लांबच्या फेऱ्या सोडून दिल्या असत्यास. वहिनीला काहीबाही थाप मारली असतीस. म्हणूनच नाही सांगितलं.

दादा : दोनदा. आणि मी रोज सकाळी तुला कामावर, त्या चष्म्याच्या दुकानाच्या दारात सोडून म्हणायचो, जवळ आहे ते किती बरं.

बहीण : तुझं काही चुकलं नाही रे. पण आता तू किंमत करतोयस, तर ते दोन नकारही धर त्यात. मग सांग, महाग आहे का.

दादा : तसं नाही. पण वस्तू पारखायला चार माणसं लागतात.

बहीण : मी दिवसभर दुसरं काय करते? काच उजेडाला धरायची, ठेवायची का टाकायची ते ठरवायचं. तिथे कुणी विचारत नाही, भावाला आणलंय का म्हणून.

दादा : मग आज मला कशाला आणलंस?

बहीण : विचारायला नाही. दाखवायला.

दादा : ...मावशी, निदान थोडं तरी कमी करा.

बहीण : नाही. कमी करायचं नाही.

दादा : अगं, तू गिऱ्हाईक आहेस का दुकानदार?

बहीण : उद्या हा दांडा तडकला तर जायचं कुणाकडे? ज्याच्या पोटाला आपण चिमटा काढतो तो दुसऱ्यांदा दार उघडत नाही. दर महिन्याला थोडे देईन, पण सगळे देईन.

मावशी : मी उघडलं असतं गं. कुरकुरत उघडलं असतं, पण उघडलं असतं. बरं, तारा आवळायचं काही घेत नाही, तेवढं माझ्याकडून.

दादा : तुम्ही राहू द्या. पाना द्या इकडे. तारा मी आवळतो.

मावशी : येतं का तुम्हाला?

दादा : विचारताय काय! ट्रकच्या मानाने हे बांगडीएवढं चाक. धर गं, सरळ धर. फिरव. अजून थोडं... फिरव पुन्हा.

बहीण : आता नाही लहरत.

दादा : नाही लहरत. बस. पुलापर्यंत मी मागून येतो स्कूटरने.

बहीण : नको.

दादा : लांबून येईन. तुला कळणारही नाही.

बहीण : तुझ्या स्कूटरचा खोकला मला अख्ख्या गल्लीत ओळखता येतो. नको, दादा. सोमवारी उजाडायच्या आत निघायचंय, आज वाट नीट बघून घेते.

दादा : पुलाआधी चढ आहे.

बहीण : माहितेय.

दादा : दम लागेल.

बहीण : लागला तर उतरून ढकलत नेईन. त्यात कसली लाज?

(ती सायकल रस्त्यावर काढते आणि निघते.)

दादा : कुठवर गेली? डोळ्यांवर ऊन येतंय माझ्या.

मावशी : चढाला लागलीय.

दादा : उतरली?

मावशी : नाही. वाकून पायडल मारतेय. एका ट्रकने हॉर्न दिला, तरी कडेला नाही गेली. आपल्या जागेवरून चाललीय.

दादा : हॉर्न देणारा गाढव असणार. आता?

मावशी : आता नुसतं डोकं दिसतंय. गेली. पुलावर गेली.

दादा : एकदा तरी मागे बघितलं का?

मावशी : नाही. मीच शिकवलंय, मान वळली की चाक वळतं.

दादा : बरोबर शिकवलंत.

मावशी : बसा. चहा टाकते. घाईत नाही ना?

दादा : टाका. आज कुणाला सोडायचं नाहीये.