सहा वर्षं उशीर

डॉक्टर: हा मथळा मी छापणार नाही, काका. 'वादळाला सहा वर्षं उशीर झाला आहे.' वादळ म्हणजे काय बस आहे का?

सर्व्हेअर: आकडे माझ्या पदरचे नाहीत, डॉक्टर. बंदराच्या नोंदवहीतले आहेत. एकशे तीस वर्षांत चार मोठी वादळं. पहिल्यानंतर दुसरं एकतीस वर्षांनी, मग एकोणतीस, मग तेहेतीस. सरासरी एकतीस. शेवटचं येऊन आता सदतीस वर्षं झाली. वजाबाकी तुम्हीच करा.

डॉक्टर: वजाबाकी बरोबर आहे. सरासरीत काही अर्थ नाही. तुमच्याकडे अंतरं आहेत तीन. तीन दात बघून मी कुणाचं वय सांगत नाही.

सर्व्हेअर: घोड्याचं सांगतात.

डॉक्टर: माझ्या दवाखान्यात घोडे येत नाहीत. आणि एकशे तीस वर्षांच्या आधीचं काय? तेव्हा वादळं होत नव्हती, की लिहिणारा कुणी नव्हता?

सर्व्हेअर: लिहिणारा नव्हता. म्हणून जे लिहिलंय त्यावरच बोलायचं. आपल्या हवामान मंडळात सहा सभासद आहेत. चौघांना माझं म्हणणं पटलंय. बेकरीवाल्याने तर मैद्याची पोती माळ्यावर नेऊन ठेवली.

डॉक्टर: बेकरीवाल्याला पटतं, कारण तुम्ही आवाज न चढवता बोलता. मंडळाचं पत्रक मी काढते, मला आवाजाकडे बघून चालत नाही. फासा घ्या. वीसदा टाकला आणि सहा पडला नाही, म्हणून एकविसाव्या वेळी सहाची पाळी येते का? फाशाला मागचं दान आठवत नसतं.

सर्व्हेअर: समुद्र फासा नाही. पाणी तापतं. उष्णता साठत जाते.

डॉक्टर: आणि थंडीत निवते. समुद्र दरवर्षी पाटी पुसून बसतो. पूर्वीपेक्षा पाणी जास्त तापतंय, हे मला मान्य आहे. 'धोका वाढला आहे' असं लिहा, मी ठळक अक्षरांत छापते. पण धोका वाढणं वेगळं आणि उशीर होणं वेगळं.

सर्व्हेअर: लोकांना उशीर कळतो. 'धोका दरवर्षी असतोच' म्हटलं की लोक कूस बदलून झोपतात.

डॉक्टर: तुमच्या उशिरानेच झोपलेत. अकरा वर्षं लिहिताय तुम्ही. पहिली पाच वर्षं 'वेळ जवळ आली', पुढची सहा 'वेळ टळून गेली'. परवा एक बाई माझ्या खुर्चीत आ वासून बसली होती. मी सहज विचारलं, धोक्याची सूचना आली तर टेकडीवरच्या शाळेत जाणार ना? तर म्हणाली, "सर्व्हेअरकाकांचं वादळ ना? ते काय, नेहमीचंच आहे." तोंडात कापूस होता तरी तेवढं बोलली.

सर्व्हेअर: कोण बाई?

डॉक्टर: पेशंटचं नाव मी सांगत नाही. तिचं घर अगदी पाण्याला लागून आहे. घरात ती आणि दोन लहान मुली. 'लांडगा आला रे आला' झालंय, काका. आणि याची भीती मला वादळापेक्षा जास्त वाटते.

सर्व्हेअर: हं.

(आतल्या खोलीतून सर्व्हेअरची बायको पांघरुणांचा गठ्ठा घेऊन येते.)

बायको: चालू दे तुमचं. मला फक्त टेबलाचा कोपरा हवाय. अगं डॉक्टर, तो नकाशा सरकव जरा. या पांघरुणांची चौकोनी घडी होईपर्यंत जीव जातो.

डॉक्टर: काकू, तुम्ही कधी आलात?

बायको: परवा आले, उद्या सकाळी निघते. मुलीकडे गारठा सुरू झालाय, पांघरुणं न्यायला आले होते. आता मी तिकडचीच. दीड वर्ष पाहुणीसारखी पेटीतले कपडे काढून घालत होते. गेल्या महिन्यात स्वतःचं कपाट घेतलं.

सर्व्हेअर: हिला इथली हवा सोसत नाही.

बायको: हवा सोसते. हवेची वाट बघणं सोसत नाही.

डॉक्टर: मग काका, तुम्ही का जात नाही? मुलगी बोलावते, नातू आहे.

सर्व्हेअर: जाणार आहे. एकदा ते येऊन जाऊ दे.

बायको: 'ते' म्हणजे वादळ, बरं का. दूरचा मामा यायचाय असं वाटतं ऐकणाऱ्याला. त्याच्यासाठी खिडक्यांना लोखंडी झडपा लावल्या. छपराला पट्ट्या ठोकल्या. न्हाणीघराच्या भिंती आतून दुप्पट जाड केल्या, आता आत शिरायचं तर माणसाला अंग चोरून शिरावं लागतं. माझी बहीण आली होती, ती दोन दिवस अंघोळच करेना.

सर्व्हेअर: ताशी दोनशे किलोमीटर वाऱ्यात बाकीचं घर गेलं तरी ती खोली उभी राहील. दोन माणसांच्या मापाने बांधलीय.

डॉक्टर: पण दोन माणसं आहेत कुठे इथे?

बायको: विचार, विचार. मी विचारून थकले.

सर्व्हेअर: डॉक्टर, गेलं वादळ तुम्ही पाहिलेलं नाही.

डॉक्टर: मी तिसरीत होते, आणि तेव्हा आम्ही या गावात राहत नव्हतो. पण ऐकलंय. दरवर्षी मंडळाच्या जाहीर सभेत तुम्हीच सांगता. तुम्ही कामावर अडकला होतात. मुलगी सात महिन्यांची. आणि काकूंनी तिला कडेवर घेऊन तीन तास एकटीने दार लावून धरलं.

सर्व्हेअर: सभेत मी सगळं सांगत नाही.

डॉक्टर: काय राहिलं?

सर्व्हेअर: अडकलो नव्हतो. गेलो होतो. डोंगरापलीकडे कालव्याच्या मोजणीचं काम होतं, ऐंशी किलोमीटरवर. बंदरावर सकाळपासून धोक्याचा बावटा लागला होता. साहेब स्वतः म्हणाले होते, नाही आलास तरी चालेल.

बायको: जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला होता यांनी. पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, हे उत्तरेला वळतंय, आपल्याला नुसता पाऊस.

सर्व्हेअर: वायुभार उत्तरेकडे जास्त वेगाने उतरत होता. त्यावरून तेच निघत होतं.

बायको: मी म्हटलं, बावटा लावणारे खुळे आहेत का? तर म्हणाले, ते सरकारी नोकर आहेत, त्यांना लावावाच लागतो.

सर्व्हेअर: वळलं नाही. दुपारी साडेतीनला सरळ गावावर आलं. पूल वाहून गेला. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, चालत.

डॉक्टर: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सर्व्हेअर: हवामान मंडळाचा अध्यक्ष आहे मी. पहिलाच अंदाज असा चुकला होता, हे सभेत कुठल्या विषयाखाली मांडू?

डॉक्टर: पण मग हे उशीर, सरासरी... काका, खरं सांगा. तुम्हाला ते येईल असं वाटतं, की ते यायला हवंय?

सर्व्हेअर: फाशाचं गणित मलाही येतं, डॉक्टर. सदतीस वर्षं झाली म्हणून यंदा येईल, असं काही नाही, हे रात्रंदिवस माहीत आहे मला. पण एकदा यावं. आणि या वेळी मी घरात असावं. दार मी धरावं. बाकी काही नाही. वेडेपणा आहे, हेही कळतं.

बायको: म्हणजे त्यासाठी मी इथे थांबायचं. गावाने थांबायचं. ती पाण्याजवळची बाई, तिच्या मुली, सगळ्यांनी थांबायचं. तुम्हाला एकदा दार धरता यावं म्हणून.

सर्व्हेअर: तसं म्हणत नाही मी.

बायको: तुम्ही म्हणत नाही, पण तसंच होतंय. आणि डॉक्टर, तुला एक सांगू? मी दार धरलंच नव्हतं.

सर्व्हेअर: काय?

बायको: दार पहिल्या दहा मिनिटांत गेलं. धरायला गेले होते, नाही असं नाही. माझा हात चिरला आणि दार बिजागऱ्यांसकट अंगणापलीकडे गेलं. दारच नाही म्हटल्यावर तीन तास काय धरू?

सर्व्हेअर: मी आलो तेव्हा दार नव्हतं. मला वाटलं, ते शेवटी गेलं.

बायको: तुम्हाला वाटलं. मला विचारलंत का?

सर्व्हेअर: तू पायरीवर बसली होतीस. हाताला फडकं बांधलेलं. काही बोलली नाहीस.

बायको: दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. बोलणार होते, तेवढ्यात तुम्ही रडायला लागलात. मग तुमचीच समजूत काढत बसले. आठवडाभराने कुणीतरी चौकशीला आलं, तर तुम्ही सांगत होतात, हिने एकटीने दार धरलं म्हणून. म्हटलं, असू दे. माणसाला त्यातच बरं वाटत असेल.

सर्व्हेअर: मला बरं नव्हतं वाटत.

बायको: ते फार उशिरा कळलं मला. तोवर ती गोष्ट तुमची झाली होती.

डॉक्टर: मग काकू, तुम्ही होतात कुठे ते तीन तास?

बायको: शेजारी. तेव्हा शिंपी राहायचा पलीकडे. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी ते लोक गाव सोडून गेले, यांची-त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. भिंतीला धरून धरून गेले, लेकराला पोटाशी बांधून. पंचवीस पावलं असतील, पण ती पंचवीस पावलं मी विसरणार नाही. आत त्यांच्याच घरची अकरा माणसं होती. मशीनच्या टेबलाखाली सगळी पोरं कोंबली होती. शिंप्याची आई मला म्हणाली, उभी काय राहिलीस, भिजलेलं काढ आधी. तिने मला अर्धवट शिवलेला कोट दिला, त्याला एकच बाही होती. तोच घालून बसले.

डॉक्टर: भीती नाही वाटली?

बायको: वाटली की. दार गेलं तेव्हा वाटली, अंगणात तर पाय उचलेना. पण एकदा अकरांत बारावी जाऊन बसले आणि लेक दूध प्यायला लागली, मग नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर कशाचीच फारशी वाटली नाही. यांना वाटतं, मी त्या दिवसातून अजून बाहेर आले नाही. मी त्याच संध्याकाळी बाहेर आले. आत अडकले ते हे.

सर्व्हेअर: सदतीस वर्षं तू ऐकत बसलीस. सभेत पहिल्या रांगेत बसून.

बायको: दुसऱ्या. पहिल्या रांगेत पंखा लागतो.

डॉक्टर: मी निघू का? तुमच्या घरातलं बोलणं चाललंय. पत्रकाचं उद्या बघू.

सर्व्हेअर: बसा. पत्रक आज संपवायचं. तो मथळा काढून टाका.

डॉक्टर: काढला. त्या जागी काय घालू?

सर्व्हेअर: लिहा. 'वादळ कुठल्याही वर्षी येऊ शकतं. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतं, आणि आपल्या हयातीत येणारही नाही.'

डॉक्टर: पुढे?

सर्व्हेअर: 'म्हणून कुणाचाही अंदाज ऐकत बसू नका. बंदरावर बावटा लागला की घर सोडा.' शेवटचं वाक्य वेगळ्या ओळीत. आणि पाण्याजवळच्या घरांपासून टेकडीवरच्या शाळेपर्यंतची वाट छापा. नकाशा मी काढून देतो. मधल्या ओढ्याला पाणी आलं तर वरून वळसा कुठून घ्यायचा, तेही दाखवतो. ती वाट अजून कुणी नीट मोजलेली नाही.

डॉक्टर: हे चांगलं आहे. हे मी पानभर छापते.

सर्व्हेअर: अजून एक ओळ राहिली. 'गेल्या वेळी बावटा लागलेला असताना गावातल्या एका माणसाने वादळ वळेल असं सांगितलं, आणि तो बायको-मुलीला घरात ठेवून कामाला निघून गेला.'

डॉक्टर: एका माणसाने एवढंच ठेवू, की नाव घालू?

सर्व्हेअर: नाव घाला. नावाशिवाय ती बाई विश्वास ठेवायची नाही.

बायको: अहो, नीट विचार केलाय का? उद्या बेकरीवाला तोंडावर विचारेल.

सर्व्हेअर: विचारू दे. पोती तेवढी माळ्यावरच ठेव म्हणावं, त्यात तोटा नाही.

डॉक्टर: घातलं. मंडळाची पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे, काका. अध्यक्ष म्हणून तुम्ही असाल ना?

सर्व्हेअर: मोजणीला मला तीन-चार दिवस लागतील. नकाशा शुक्रवारपर्यंत तुमच्या दवाखान्यात पोचवतो. सभेचं माहीत नाही. तोपर्यंत मी कदाचित मुलीकडे गेलेला असेन.

बायको: कदाचित.

सर्व्हेअर: महिनाभर जाऊन बघतो, म्हणतोय. पुढचं पुढे.

बायको: मी कुठे काय म्हणतेय? या. नातवाची खोली दक्षिणेला आहे, ऊन चांगलं येतं. मात्र तिकडे कुणाच्या खिडकीला झडपा लावायला जाऊ नका, जावईबापूंनी नवीन रंग दिलाय.

डॉक्टर: मी येते, काकू. दुपारचे पेशंट बसले असतील. काका, मजकूर पुन्हा वाचून दाखवू?

सर्व्हेअर: नको. लिहिताना वाचलं मी. तुमचं अक्षर मला लागतं.

बायको: जपून जा गं. पायरी निसरडी झालीय.

सर्व्हेअर: गेली?

बायको: गेली. सांगा काय ते.

सर्व्हेअर: काही नाही. ते पांघरूण दे इकडे, एक टोक मी धरतो.

बायको: असं नाही, कडेला कडा जुळवा. हां.

सर्व्हेअर: मला ते सगळं सांगशील का? जसं झालं तसं. मी मध्ये बोलणार नाही.

बायको: सांगते की. कुठून सांगू? वारा सुटला तिथून?

सर्व्हेअर: नको. त्याच्या आधीपासून. मी घरातून निघालो, तिथून.