अप्पांचा दाढीवाला महादेव

इतिहास शिकवणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या देवाकडं फार निरखून बघू नये, हे मला नेकनूरला कळलं.

तिथल्या शिवलिंगअप्पांच्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर एक जुनं छापील चित्र टांगलंय. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे तसलं, विलायती. त्यांच्या आजोबांनी हैदराबादहून आणलेलं. दर सोमवारी त्याला विभूती अन् बेल.

काकूंनी चहा दिला. जरा खारटच होता. घोट घेत मी विचारलं, "अप्पा, हे कोण?"

"महादेव. त्रिशूळ दिसंना का?"

"अन् दाढी?"

"तपाला बसल्यावर न्हावी कुठून आणावा?"

"शेजारच्या बाईला माशाची शेपटी हाय की!"

"पार्वती हाय ती. गंगेत उतरली, पाय कसे दिसतील?"

तिथंच गप बसायला पाहिजे होतं. पण शिकलेलं तोंड! म्हणालो, "अप्पा, हा महादेव न्हाई. परदेशातला समुद्राचा देव हाय."

अप्पांचा चेहराच उतरला. तीन पिढ्यांची पूजा मी एका वाक्यात मोडली होती. तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "तरीच! याच्याच म्होरं नवस बोलून बोअर घेतला, अन् पाणी लागलं ते लई खारं!"

पुढच्या सोमवारी मी ओशाळतच गेलो. चित्र जागेवर, विभूती ताजी.

"काढलं न्हाई, अप्पा?"

"कावून काढू? मागितलं ते दिलंच की त्यानं. आता दुसरा बोअर घेतोय. या टायमाला नवसात गोडं पाणी म्हणून साफ सांगितलंय."