माह्या डब्ब्यानं बंद पडलेला माग

आमी मूळचे उमरेडचे, विणकर. आजोबापासून नागपुरात. पुढच्या खोलीतच हातमाग, जमिनीत खड्डा अन् त्यात पाय सोडून बाबा पायानं पावड्या दाबत बसत. त्या मागाच्या कमाईवर माही आयटीआय झाली, सीताबर्डीच्या दुकानात रिपेरिंगचं काम लागलं.

बाबाले बारीक काठ विणाले उजेड कमी पडे. मी म्हटलं, बाबा, मागावर एलईडीची पट्टी लावते, तिचा सप्लाय मीच बनवते. सप्लाय म्हंजे डब्बा, घरातली वीज आत जाते अन् बारा व्होल्ट बाहेर येते. पहिलाच होता माहा. शॉर्ट नाही ना म्हणून सिरीजमधी बल्ब लावून पाह्यलं, मग मीटर लावलं, बरोब्बर बारा. बाबा म्हणे, त्याले काई जोडलंच नाही तुनं, ढिलं सूत पाहून काय समजते वं, ताण देऊन पाह्य. मी हासली. म्हटलं, बाबा, हे टेक्निकल काम हाये, धोटा फेकणं नाही. काय सांगू तुम्हाले, विणकराले अडाणी म्हणणाऱ्या लोकायसंग भांडणारी मी, अन् घरात मीच असं बोलली.

पट्टी लावून दिली, अन् मी दिवसभर दुकानात. इकडे घंट्याभरानं बाबा डोये चोळत, काठात चुका पडत. लाइट बंद करून जरा पडले, उठले, की पुन्हा बरं दिसे. म्हणजे डोयेच थकतात, असं त्यायले वाटलं. डब्ब्यावर शकच नाही, कारण डब्बा पोरीचा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणे, वय झालं. दिवाळीनंतर माग खोलून देऊन टाकला. खड्डा बुजवला, वर टाइल लावली.

पुढं उन्हाळ्यात दुसऱ्या कामाले तोच डब्बा काढला, पट्टी जोडली, चालू ठेवून मीटर पाहत बसली. घंट्याभरात बारावरून नऊ. आतला बारा व्होल्ट धरून ठेवणारा रेग्युलेटर तापे, त्याची गरमी काढणारा मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा मी लहान लावला होता. पट्टी माह्या समोर मंद होऊन राह्यली होती, अन् मी पाहत होती.

बाबाले सांगितलं, तुमचे डोये नव्हते बाबा, डब्बा होता. बाबा हासले, म्हणे, म्हंजे डोये बरे हायेत ना माहे? खुश झाले हो. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मी घरीच सप्लाय बनवते, टेबल त्या बुजवलेल्या खड्ड्यावर. दरेक डब्बा पट्टी जोडून दोन घंटे चालवते, मगच देते. घरी कोणी म्हातारं सांगत असन तर ऐकत जा, एवढंच म्हणते. बाबा समोर खुर्ची टाकून उजेड पाहत बसतात. पाय मात्र टाइलवर हालत राह्यतात, एक दाबला की दुसरा वर, पावड्या असल्यासारखे.