काहीच घडलं नाही म्हणे!

…आणि तोंड वर करून मला म्हणतात, "हिच्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही!" ऐकलंत? नाही, माईक नको मला, माझा आवाज आमच्या जिन्यातून थेट गच्चीवर जातो, हा तर एवढासा हॉल! काहीच घडलेलं नाही म्हणे! अहो, तुम्ही सगळे इथे आईबाप बसलाय, पोरं बारावीला आहेत, तुम्हीच सांगा, आपण वर्षानुवर्षं जिवाचं रान करतो ते कशासाठी? पोरीच्या आयुष्यात काही घडू नये म्हणूनच ना? पाणी उकळायचं, दाराला आतून कडी आणि वर खुर्ची लावायची, तापाचं औषध उशाशी, गॅस बंद केला का ते उठून उठून बघायचं… आणि एवढ्या मेहनतीनं, काही म्हणजे काही न घडू देता, पोरगी धडधाकट बारावीपर्यंत आणून उभी केली, तर या मार्गदर्शनाच्या बाई… बसा बाई, बसा, मला बोलायला तुम्हीच बोलावलंय… या बाई चष्मा पुसत म्हणतात, "तीच तर अडचण आहे!"

रागावले नाही हं मी. नुसतं सांगते.

झालं काय, की आमच्या पोरीला ज्या कॉलेजात जायचं होतं ना, तिथे नुसते मार्क चालत नाहीत. मार्क होते हो तिला, भरपूर होते. पण तिथे निबंध लागतो. "तुमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष कोणता आणि त्यावर तुम्ही कशी मात केली?" सतरा वर्षांच्या पोराला विचारतात हे! माझ्या सासूबाईंना विचारा, पंच्याहत्तरीच्या आहेत, त्या म्हणतील, संघर्ष अजून चालूच आहे, ती काय स्वयंपाकघरात उभी आहे! पण पोरीचा हट्ट, जाईन तर तिथेच. दुसरीकडे अर्जसुद्धा करायला तयार नाही. नाही मिळालं तर? तर म्हणे, वर्षभर घरी बसेन. घरी! अहो, घरी बसलेल्या मुलीचं वर्ष कसं असतं ते मला विचारा. सातवी झाल्यावर मी एक वर्ष घरी बसले होते, ते अजून संपलेलं नाही.

म्हणून गेले. टेलरच्या दुकानात काजं-बटणं करते मी, गणवेशांची दुमड सोडते, अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून या बाईंच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीवर सगळी हसणारी पोरं चिकटवलेली. बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?" म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतात. "कधी पडले वगैरे?" नाही हो, म्हटलं, भलतंच काय! तर चेहरा असा पडला यांचा, की मलाच अपराध्यासारखं झालं, नवरा पडायला हवा होता की काय! "घरात काही मोठं आजारपण?" नाही. "भांडणं?" भांडणं आहेत, पण रोजची, लिहिण्यासारखी नाहीत. मग हात टेकल्यासारखं विचारलं, "तुमचं शिक्षण?" म्हटलं, सातवी.

अहो, काय उजेड पडला तोंडावर! "अगंबाई! सातवी! हे छान आहे!" माझ्या सातवीवर आजवर इतकं खूश कुणी झालं नव्हतं, माझे मास्तरसुद्धा नाहीत! "आणि पुढे का नाही शिकलात?" असं म्हणून पेनाचं टोपणच काढलं यांनी. मी म्हटलं, राहिलं आपलं. नाही सांगितलं. का सांगू? झाकून ठेवलेली गोष्ट ती. पोरीच्या अर्जाला टाचणीनं लावायला काढून देऊ?

रागावले नाही हं मी. पण मान हलवता कशाला? खरं तेच सांगते.

बरं, घरी येऊन सांगितलं, तर घरात सगळ्यांच्या अंगात आलं. जेवताना हे म्हणतात, "मी एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो, ते लिही." म्हटलं, अहो, तुम्ही लिफ्टवालेच आहात, तुम्ही लिफ्टमध्ये नाही अडकणार तर काय विमानात? सासूबाई कशा मागे राहतील! "मी पडले होते ना न्हाणीघरात, ते घाल की." म्हटलं, त्यात पोरीनं मात कशावर केली? तर म्हणाल्या, "मला उचललं की तिनं! तू कुठे होतीस तेव्हा?" झालं! संघर्ष शोधता शोधता जेवण बाजूला आणि संघर्षच सुरू!

आणि पोरगी? ती बघत होती. एकेकाकडे बघत होती, शांतपणे, भाकरी चावत… आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

अर्जाची मुदत संपायच्या दिवशी निबंध घेऊन आली. "आई, खाली सही कर. यातला मजकूर खरा आहे, अशी पालकांची सही लागते." म्हटलं, आण इकडे, आधी वाचते, येतं मला वाचता. वाचला. पहिलंच वाक्य… ऐका. "माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष म्हणजे माझी आई."

हसा! हसा तुम्ही! मी! संघर्ष! पूर नाही, आग नाही, मी! पुढे काय, तर "आईनं माझ्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून घरचा फोन नंबर दोऱ्यानं शिवलेला आहे. मी बारावीत आहे." मग? बारावीतली माणसं हरवत नाहीत? "सहलीला मी आजवर गेले नाही, कारण सहलीत पाणी असतं. पाणी नसेल तर डोंगर असतो." असतोच की! "नववीत पहिल्यांदा मी एकटी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात खोडरबर आणायला गेले. दुकानातून मागे वळून पाहिलं, तर आई भाजीच्या गाडीमागे उभी होती. तिच्या हातात कोबी होता. आमच्याकडे कोबी कुणीच खात नाही."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, मी? मी तुझ्यासाठी डोळ्यांत तेल घालून… तू मला भाजीच्या गाडीसकट त्या कॉलेजवाल्यांसमोर उभी केलीस? आणि वर मीच सही करू, की होय, हे संकट मीच, खरं आहे, सही, दिनांक? फाडून टाकते बघ! तर पोरगी म्हणते, "फाड. पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड."

हे दारात उभे. सासूबाई त्यांच्या मागे उभ्या. त्यांना तर काय आनंद! "काय लिहिलंय गं? मोठ्यानं वाच की!"

मोठ्यानं नाही वाचलं मी. शेवटी लिहिलं होतं, "आईची आठवीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे होती. तिला रोज हात धरून पलीकडे सोडायला घरात कुणाला वेळ नव्हता. म्हणून तिची शाळा सातवीत संपली. आईनं मला एकही दिवस शाळेत एकटीला जाऊ दिलं नाही आणि एकही दिवस शाळा चुकू दिली नाही. मला मैत्रिणींसमोर तिच्या हाताची लाज वाटायची. आता तो सोडून जायचं म्हटलं तर सोडवत नाही. मात कशी केली, असं तुम्ही विचारलंय. अजून झालेली नाही."

…

पाणी द्या जरा. नाही, डोळ्यात काही नाही, पंख्याची धूळ आहे, शाळेनं पंखे पुसावेत.

एकदा सांगितलं होतं मी तिला ते. एकदाच! दिवे गेले होते, ती लहान होती, झोपत नव्हती, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. मला काय माहीत कार्टी ऐकतेय! आपण "अभ्यास कर, अभ्यास कर" म्हणून घसा कोरडा करतो ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडतात, आणि नको ते बरोबर गाठीला बांधून ठेवतात! केली सही. काय करणार? सातवीतली सही ती, अजून तशीच, वळणदार. केली आणि म्हटलं, कोबीचं काढ. तर म्हणते, "कोबीवरच तर अॅडमिशन मिळणार आहे, आई."

मिळाली! आणि तेव्हापासून या बाई माझ्या मागे. "तुम्ही या, तुम्ही पालकांना मार्गदर्शन करा." मी मार्गदर्शन! आणि तुम्ही तरी कसे हो? मघाशी जिन्यात एक बाई माझं कोपर धरून विचारतात, "तुम्ही नक्की काय काय त्रास दिलात? आमच्या मुलाला अजून थोडे महिने आहेत, बसवता येईल." बसवता येईल! त्रास म्हणजे काय बटण आहे, सुईदोरा घेतला की बसलं? हे असं ठरवून नाही होत हो. जन्म जातो त्यात.

आणि सोडून आलो तिला. होस्टेल बघितलं, गादी उलटून बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले, बरोबरच्या मुलीच्या आईचा नंबर घेतला… सगळं ठीक. पण होस्टेल अलीकडे आणि कॉलेज पलीकडे आणि मध्ये काय? रस्ता! एवढा रुंद! जिथे मुली शिकायला येतात तिथे मध्ये रस्ता आणून घालणारा माणूस मला एकदा भेटवा! हे म्हणाले, "चल, बसमध्ये जागा धरतो," आणि पलीकडे स्टँडवर निघून गेले. मी म्हटलं, येतेच. आणि तिथे एक ट्रक उभा होता. त्याच्यामागे उभी राहिले. लपले नव्हते! उभी होते. नुसतं एकदा बघायचं, पोरगी पहिल्या दिवशी कशी ओलांडते. बस्स.

पोरगी होस्टेलच्या फाटकातून बाहेर आली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं… आणि फोन काढला. रस्त्यात! मी मनात म्हणते, अगं, रस्त्यात फोन काढू नये, लाख वेळा सांगितलं… आणि माझाच फोन वाजला.

"आई, ट्रकमागून बाहेर ये. तो मागे घेतोय."

अहो, घेतच होता मेला! मी टुणकन बाजूला! ड्रायव्हर खिडकीतून ओरडतोय, "मावशी, मरायचंय का?" आणि पोरगी धावत आली, माझं मनगट असं घट्ट धरलं, मी तिचं धरायचे ना, अगदी तस्सं. आणि माझ्याच आवाजात मला म्हणते, "उजवीकडे बघायचं. डावीकडे बघायचं. परत उजवीकडे. आणि पळायचं नाही." सगळ्या पोरी बघत होत्या. लाजेनं मान वर होईना माझी. आणि नेलं मला पलीकडे. कॉलेजच्या फाटकापर्यंत.

फाटकाशी हात सोडला तिनं. आत गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

रागावले नाही हं मी.

बाई खुणा करतायत, वेळ संपली म्हणून. मार्गदर्शन राहिलंच, नाही का? आता काय सांगू तुम्हाला… निबंधाचं मला कळत नाही. एवढंच सांगते, पोरांच्या मागे जाऊ नका म्हटलं तरी तुम्ही जाणार, मला माहीत आहे. जा. पण उभ्या गाडीमागे उभे राहू नका, गाडी कधीही निघते. झाड बघा. झाड कुठे जात नाही.